विळीचं पाणी

आजोळच्या विळीवर कैरी चिरली की पात्याच्या काठाला एक काळपट पट्टी उठायची. बोटभर रुंद, वरची कड जराशी नागमोडी. पट्टीच्या वरचं पातं राखाडीच राहायचं, खालचं तेवढं काळं पडायचं. मला ती घाण वाटायची. आजी राखेने घासून पातं लख्ख करायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा कैरी, पुन्हा तीच पट्टी, त्याच जागी. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "तेवढंच तिखं आहे. बाकीचं लोखंड." तिखं म्हणजे तिखट असं समजून मी मान डोलावली. कैरीच्या जोडीला तिखट-मीठ असायचंच.

तिखं हा पोलादाचा जुना मराठी शब्द आहे, हे कळेपर्यंत मी भोसरीच्या एमआयडीसीत क्वालिटी खात्यात लागून दहा वर्षं झाली होती. निवृत्तीला आलेले एक मिस्त्री चहाच्या वेळेला म्हणाले, "आमच्याकडे कुऱ्हाडीला तिखं घालून आणायचे." कुऱ्हाड सगळी लोखंडाची, आणि कापणाऱ्या काठाला तेवढी पोलादाची पट्टी तापवून, ठोकून जिरवलेली. पोलाद महाग होतं म्हणून तर हे करायचेच, पण सगळी कुऱ्हाड कडक केली तर ती पहिल्याच गाठीवर तडकेल हेही त्यात होतं. मऊ लोखंडाने दणका खायचा, कडक काठाने कापायचं. मला तिथल्या तिथे आजीची विळी आठवली. हातातला चहा निवला.

लोखंड आणि पोलाद यांत फरक कार्बनचा, आणि तोही भाजीतल्या मिठाएवढा. घडीव लोखंडात कार्बन जवळजवळ नसतोच. पात्याच्या पोलादात तो अर्ध्या टक्क्यापासून सव्वा टक्क्यापर्यंत असतो. कारखान्याच्या प्रयोगशाळेत आम्ही धातूचा तुकडा आरशासारखा घासतो आणि त्यावर नायटल लावतो, म्हणजे अल्कोहोलमध्ये थोडंसं नायट्रिक आम्ल. जिथे कार्बन जास्त तिथे काळं, जिथे नाही तिथे पांढरट. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघून अहवाल लिहितो. आजी हीच परीक्षा रोज स्वयंपाकघरात कैरीवर घेत होती. अहवालही एका ओळीचा आणि अचूक होता.

आजोळ संगमेश्वर तालुक्यात. मृगाच्या आधी गावातली सगळी हत्यारं लोहाराच्या शाळेत जायची: फाळ, कोयते, विळे. "शेवटून आणणे" हा त्याचा शब्द. झिजलेला फाळ तापवायचा, ठोकून पुढे ओढायचा, पुन्हा टोक काढायचं. आम्ही पोरं भाता ओढायला मिळावा म्हणून घोटाळायचो. लोहारकाकांची शाळा दिवसाही अंधारी असे. ते गरिबीमुळे असेल असं मला वाटे. खरं कारण असं की तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात कळत नाही. थर्मामीटर नसलेल्या माणसाला रंग हाच थर्मामीटर. साधं पोलाद आठशे अंशांच्या आसपास आलं की कार्बन लोखंडाच्या स्फटिकात विरघळून बसतो. ते सावकाश निवू दिलं तर तो पुन्हा बाहेर पडतो आणि पोलाद मऊच राहतं. चर्र्कन पाण्यात घातलं तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आत अडकतो, स्फटिक ताणला जातो आणि त्या ताणालाच आपण कडकपणा म्हणतो. या ताणलेल्या अवस्थेला मार्टेन्साइट हे नाव आहे, अडॉल्फ मार्टेन्स या जर्मन संशोधकावरून. लोहारकाका त्याला "पाणी" म्हणत.

नुसतं पाणी देऊन भागत नाही. तेवढ्यावर सोडलेलं पातं पापडासारखं मोडतं. काका पात्याचा फक्त काठ पाण्यात धरत, पाठीत धग राखून ठेवत. बाहेर काढून काठ दगडावर दोनदा घासत, आणि मग तो पांढरा झालेला काठ एकटक बघत बसत. पाठीतली धग काठाकडे उतरू लागे, तसे त्यावर रंग धावत: फिकट पिवळा, गव्हाळ, तपकिरी, जांभळा, निळा. फिकट पिवळा सव्वादोनशे अंशांच्या आतबाहेर येतो, निळा तीनशेच्या सुमाराला. जितका रंग पुढे जाऊ द्याल तितका कडकपणा कमी आणि चिवटपणा जास्त. फणस फोडायच्या कोयत्याला काका जांभळ्यापर्यंत थांबत आणि मगच पुरता बुडवत. त्या चार-पाच सेकंदांत कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. पाणीदार, पाणी जोखणं, पाणी उतरणं हे सगळे शब्द अशाच एखाद्या अंधाऱ्या शाळेतून भाषेत आले असावेत, असं मला आपलं वाटतं. व्युत्पत्तीवाल्यांशी माझं भांडण नाही.

चाकूच्या पोलादाबद्दल कुणी विचारलं, "सगळ्यात चांगलं कुठलं?" तर मला काका आठवतात. काठावरचा रंग कुठे थांबवायचा, हाच तो प्रश्न. कडक हवं की चिवट हवं. गेल्या शंभर वर्षांत त्यात तिसरा भिडू आला: गंजायला नको. आणि हे तिघं एका पंगतीला पोटभर कधीच जेवत नाहीत. एकाला वाढलं की दुसऱ्याच्या पानात कमी पडतं.

भोसरी-चाकणकडच्या रस्त्याला पावसाळ्याआधी घिसाडी मंडळींच्या पालांची रांग लागते. नवरा सांडशीत लोखंड धरतो, बायको घण घालते, त्या घणाचा ताल चुकत नाही. त्यांचं पोलाद ट्रकच्या कमानपाट्याचं. हा पाटा सिलिकॉन-मँगनीजचा, कार्बन साधारण ०.६ टक्के. लाखो वेळा वाकून सरळ व्हायचं हा त्याचा जन्मच, त्यामुळे चिवटपणा रक्तात. ऊसतोडीचा कोयता दिवसभर उसाच्या बुडख्याशी चालतो, मातीत जातो, खड्यावर आदळतो. तिथे जपानी सुरीचं पोलाद घातलं तर दुपारपर्यंत त्याची करवत होईल. कमानपाट्याचा कोयता बोथट होतो, वाकतो, पण तुकडा पडत नाही, आणि बोथट झालेला शेताच्या बांधावरच कानसीने पाजवता येतो. कुठल्याही कोष्टकात या पोलादाला फार गुण मिळत नाहीत. (पुण्यात अलीकडे कोयता म्हटलं की वर्तमानपत्रातलं गुन्ह्यांचं पान डोळ्यांपुढे येतं. बिचाऱ्या कोयत्याचा त्यात दोष नाही.)

आमच्या टूलरूममध्ये निराळी बिरादरी. तिथे पोलादांना माणसांसारखी हाक मारतात: ओएचएनएस, एचसीएचसीआर, ईएन ३१. ओएचएनएस म्हणजे तेलात विझवायचं, आक्रसून न जाणारं, कार्बन ०.९ टक्क्याच्या आसपास. ईएन ३१ बेअरिंगचं, एक टक्का कार्बन, दीड टक्का क्रोमियम. ही दोन्ही पोलादं पात्यासाठी गुणी: दाणा बारीक, धार केसासारखी लागते, दगडावर लवकर येते. गंजतात मात्र भसाभस. आणि एचसीएचसीआर, ज्याला बाहेर डी २ म्हणतात, ते फसवं. त्यात क्रोमियम तब्बल १२ टक्के, म्हणजे ते गंजू नये. तरी गंजतं. कारण कार्बन दीड टक्का, आणि कार्बनला क्रोमियम फार आवडतं. दोघं मिळून कठीण कण बनवतात, आणि त्या कणांत अडकलेलं क्रोमियम गंजाशी लढायला मोकळं राहत नाही. ते कण स्वतः मात्र भारी चिवट झुंज देतात, त्यामुळे डी २ ची धार खूप टिकते. गेली की लावताना हात भरून येतात.

माझा पहिला चाकू मी ओएचएनएसच्या एका उरलेल्या पट्टीचा केला. हीट ट्रीटमेंटवाल्याला चहा पाजून गाडीतल्या जॉबबरोबर भट्टीत सरकवला. छान आला, रॉकवेल या कठिणतेच्या मापावर ६१. मग शेवटचा हात म्हणून ग्राइंडरवर टोक काढायला घेतलं, दोन सेकंद जास्त दाबलं, आणि टोकावर निळा ठिपका उमटला. तीनशे अंश. पाणी उतरलं. माझ्या मागे उभे असलेले मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त कोपऱ्यातल्या पाण्याच्या डब्याकडे बोट दाखवून गेले. ते स्वतः तुटलेल्या पॉवर हॅक्सॉच्या ब्लेडचे चाकू करत. ते हायस्पीड स्टील. लाल होईस्तोवर तापलं नाही तोवर त्याचं पाणी उतरत नाही, ग्राइंडरवर कितीही निळं करा. महाराष्ट्रातल्या निम्म्या कारखान्यांत डबा खाताना कांदा ज्याने चिरतात तो चाकू असाच कुणी फिटरने हॅक्सॉच्या ब्लेडचा केलेला, मुठीला इन्सुलेशन टेप गुंडाळलेला असतो, अशी माझी समजूत आहे. निदान आमच्याकडे तरी तसे सात होते.

न गंजणाऱ्या पोलादाची गोष्ट इंग्लंडातल्या शेफिल्डची. हे गाव शतकानुशतकं सुऱ्या-चाकूंचं. तिथल्या पोलाद कारखान्यांच्या प्रयोगशाळेत हॅरी ब्रिअर्ली नावाचा माणूस बंदुकीच्या नळ्या आतून लवकर झिजतात त्यावर उपाय शोधत होता. १३ ऑगस्ट १९१३ ला त्याने ओतलेल्या एका पोलादात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. आम्ही लावतो तसलंच आम्ल लावून त्याने तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायला घेतला, तर आम्ल चढेना. व्हिनेगर चढेना, लिंबू चढेना. नळ्या राहिल्या बाजूला, हा माणूस शेफिल्डचाच, त्याला सुरी दिसली. त्या काळी तिथल्या श्रीमंत घरांत जेवणाच्या सुऱ्या रोज पावडरने घासाव्या लागत, त्यासाठी दांडा फिरवायची खास यंत्रं होती. फळं कापायला चांदीची सुरी, कारण पोलादाने फळाला लोखंडाची चव लागे.

सुऱ्या करणाऱ्यांनी मात्र त्याला हसण्यावारी नेलं. त्यांनी नवं पोलाद नेहमीच्या रंगापर्यंत तापवून विझवलं, ते मऊच राहिलं. या पोलादाला आठशे अंश पुरत नाहीत, हजाराच्या वर न्यावं लागतं, तेव्हा कुठे क्रोमियम कार्बनला सोडतं. रंग बघायची डोळ्यांची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. नव्या पोलादाला ती चालेना. "न कापणाऱ्या सुऱ्यांचा संशोधक" असं त्याला नाव पडलं. अखेर अर्नेस्ट स्टुअर्ट या सुऱ्यांच्या कारखान्यातल्या माणसाने ते जमवलं आणि स्टेनलेस हे नावही त्याचंच, असं सांगतात.

पण टोमणा पुरता खोटा नव्हता. पाव टक्का कार्बनच्या पोलादात पाणी चढून चढणार किती? पुढे कार्बन वाढवला, मग क्रोमियमही वाढवावं लागलं, कारण दोघांचं ते आतल्या आत संगनमत. आपल्या घरी स्टील म्हणतात ते तर आणखी वेगळं. डबे, वाट्या, ताटं ज्याची असतात त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, त्याला लोहचुंबक चिकटत नाही, आणि ते कितीही तापवून कितीही गार पाण्यात बुडवलं तरी कडक होत नाही. चाकूच्या पात्याला चुंबक चिकटायलाच हवा. भांड्यांच्या दुकानात मी खिशातला चुंबक काढतो तेव्हा बायको शेजारच्या दुकानात जाते. मराठीने मात्र वाटणी छान केली आहे: स्टील भांड्यांना दिलं आणि पोलाद भाषणांना. पोलादी मनगट, पोलादी पुरुष. विळीसाठी शब्द होता, तो आपण हरवला.

आमच्या ओट्यावर आज दोन परदेशी सुऱ्या आहेत. एक श्टुटगार्टला राहणाऱ्या मेहुण्याने आणलेली जर्मन. तिच्या पात्यावर पोलादाची कुंडलीच कोरलेली आहे: एक्स ५० सीआर एमओ व्ही १५. सुरुवातीच्या एक्सचा अर्थ भरपूर मिश्रण असलेलं, ५० म्हणजे अर्धा टक्का कार्बन, मग क्रोमियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम, आणि शेवटचे १५ म्हणजे पंधरा टक्के क्रोमियम. कठिणता ५६ च्या आसपास. ही सुरी माझ्या मते संसारी आहे. चिंच-लिंबात राहते, सिंकमध्ये पडते, कुणी तिने दुधाची पिशवी फोडतं, कुणी डब्याचं झाकण उचकटतं. धार जाते म्हणजे तिचा काठ एका बाजूला मुडपतो. सळईवर चार हात फिरवले की पुन्हा उभा राहतो.

दुसरी मी कामानिमित्त जपानला गेलो होतो तेव्हा ओसाकाजवळच्या साकाईहून आणली. शिरोगामी, म्हणजे पांढरा कागद. तिथे पोलादाच्या जाती ज्या रंगाच्या कागदात गुंडाळून येतात त्यावरून ओळखतात. पांढऱ्या कागदात फक्त लोखंड आणि एक-सव्वा टक्का कार्बन, बाकी कचरा जितका काढता येईल तितका काढलेला. निळ्या कागदात त्यावर थोडं टंगस्टन आणि क्रोमियम, धार जास्त टिकावी म्हणून. माझ्या सुरीचं पातं बघितलं आणि मी दुकानातच हसलो. काठाला कडक पोलादाची पट्टी, वर मऊ लोखंड, मधे नागमोडी रेघ. तिखं घातलेलं! मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी दुकानदाराला सांगू लागलो की आमच्या आजीची विळीसुद्धा अशीच, पण विळी म्हणजे काय हे हातवाऱ्यांनी सांगताना मी जमिनीवर बसायच्या बेतात आलो आणि सहकाऱ्याने मला बाहेर काढलं.

या सुरीने टोमॅटो कापणं हा निव्वळ आनंद आहे. सालीला कळतच नाही. ६२-६३ कठिणता, दोन्ही बाजूंनी जेमतेम पंधरा अंशांचा उतार. आणल्यानंतर दुसऱ्या महिन्यात मी घरी नसताना या सुरीने लाल भोपळा फोडला गेला. भोपळ्यात सुरी अडकली, तिला आडवा झटका दिला, आणि काठाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पडला. जर्मन सुरी तिथे मुडपली असती. मी जरा जास्तच बोललो. "भोपळ्याला न चालणारी सुरी काय देव्हाऱ्यात ठेवायची?" असं उत्तर मिळालं. दगडावर घासून ती खाच मी काढली, तीन रविवार गेले.

कडक पोलादाला तुकडा पडायला भोपळाही लागत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की दाढीच्या ब्लेडचा काठ केसाने फुटतो. केस पोलादापेक्षा पन्नासेक पट मऊ. पण तो कापला जाताना वाकला, आणि ज्या जागी वाकला त्या जागी पोलाद आतून जरा कमी-जास्त असलं, की तिथे टवका उडतो. धार "झिजते" हा आपला समज अर्धाच खरा. ती मुडपते, टवके उडतात, झिजते, आणि कैरी-लिंबाने एका रात्रीत गंजूनही जाते. तो गंज डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला कळतो.

आता भुकटीपासून केलेली पोलादं निघाली आहेत. वितळलेल्या धातूचा फवारा उडवून त्याची बारीक भुकटी करायची आणि ती दाबून, तापवून पुन्हा सलग करायची. त्यामुळे कठीण कण मोठे वाढत नाहीत, सगळीकडे सारखे पसरतात. अमेरिकेत निघालेल्या एस ३० व्ही मध्ये चार टक्के व्हॅनेडियम असतं. व्हॅनेडियमचे कण क्रोमियमच्या कणांहून कितीतरी कठीण. २०२१ साली आलेल्या मॅग्नाकट या पोलादाची तर युक्ती मला फार आवडते. त्यात क्रोमियमचे कण जवळजवळ होऊच दिलेले नाहीत, म्हणजे क्रोमियम सगळं गंजाशी लढायला मोकळं. तिघांना एका पंगतीला बसवायच्या इतकं जवळ फार थोडी पोलादं पोचली असतील. खिशातल्या महागड्या चाकूंसाठी ही पोलादं. मी वाचून सुख मानतो. लाटा-लाटांचं नक्षीकाम केलेले "दमास्कस" चाकू मात्र कुणी मला भेट देऊ नयेत. दक्षिण भारतात मुशीत वितळवून जे पोलाद होई, ज्याच्या तलवारी दमास्कसच्या नावाने जगभर गाजल्या, आणि ज्याचं कोडं सोडवायला मायकेल फॅरडेसारखा माणूस उमेदवारीत धडपडला, त्याची नक्षी धातूच्या पोटातून आलेली होती. आजची बहुतेक नक्षी दोन पोलादांचे थर एकत्र ठोकून आणतात. दिसते सुंदर. कांद्याला त्याचं काही नाही.

हे सगळं पुराण मी आईला अनेकदा ऐकवलं आहे. तिच्याकडे किराणा दुकानातला प्लॅस्टिकच्या पिवळ्या मुठीचा, बारीक दात्यांचा चाकू आहे. तिने साकाईची सुरी एकदा हातात धरली आणि लगेच खाली ठेवली.

"का गं?"

"अंगठा जाईल."

मी तिला भेंडी चिरताना नीट बघितलं तेव्हा उलगडा झाला. पाट नाही, बोर्ड नाही. डाव्या हातात भेंडी, उजव्या हातात चाकू, आणि चाकू प्रत्येक वेळी तिच्याच अंगठ्यावर येऊन थांबतो. सत्तर वर्षांचा तो अंगठा, त्यावर बारीक आडव्या रेघा आहेत. या कापण्याला भेंडीपुरती धार हवी आणि अंगठ्यापुरती नको. ६२ कठिणतेचं, पंधरा अंशांचं पातं या हाताला शत्रूच. मी ज्यांना टाकाऊ समजत होतो ते दाते त्या हाताला नेमके होते. शिवाय दुसरा मुद्दा तिने स्वतःच मांडला. "तुझ्या आजीची विळी गंजायची नाही म्हणतोस. गंजायची नाही कारण ती पुसायची. आणि ती नसली की मी. श्रावणात दोन-दोनदा खोबरेल लावायचं, पाहुणे असले तरी. तुम्हाला धार आठवते."

यावर माझ्याकडे कुठलंही कोष्टक नव्हतं.

विळी आजोळहून आता आमच्याकडे आली आहे, माळ्यावर होती. घडीची विळी, पातं एका खिळ्यावर फिरतं. मागच्या चैत्रात मी ती काढली, पातं सोडवलं आणि आईला न सांगता डब्याच्या पिशवीतून कारखान्यात नेलं. रॉकवेलच्या यंत्रात हिऱ्याचं टोक दीडशे किलोच्या भाराने धातूत रुततं, किती खोल गेलं त्यावरून आकडा येतो. पाठीवर घेतलं तर सी मापावर आकडाच येईना, इतकं मऊ, मऊ धातूंसाठीच्या बी मापावर जावं लागलं. म्हणजे खरंच लोखंड. मग नागमोडी रेघेच्या खाली, काठाकडे, जिथे पातं यंत्राला पुरेल इतकं जाड होतं तिथे घेतलं. मला पंचावन्न तरी अपेक्षित होते. इतक्या वर्षांची कीर्ती.

अडतीस.

पुन्हा घेतलं. अडतीस. पात्याला उतार असला की आकडा कमी दाखवतो, ते धरलं तरी पंचेचाळिसाच्या वर जात नाही. आईच्या पिवळ्या मुठीच्या चाकूचं पातं पातळ म्हणून मी व्हिकर्सच्या यंत्रावर घेतलं होतं, ते रॉकवेलमध्ये बदलून ५१ आलं होतं. म्हणजे किराणा दुकानातला चाकू आजीच्या विळीहून कडक! येणाऱ्या मालात अडतिसाचं पातं आलं असतं तर मी लाल स्टिकर लावून परत पाठवलं असतं. मी आधी यंत्र तपासलं. प्रमाण ठोकळा लावला, यंत्र बरोबर होतं.

संध्याकाळी बसमध्ये ते पातं मांडीवर घेऊन बसलो होतो तेव्हा लक्षात आलं की विळीचा काठ कशालाच टेकत नाही. सुरी दर कापाला बोर्डावर आदळते. कोयता मातीत जातो. विळी हवेत उभी असते आणि भाजी तिच्याकडे चालत येते. कांदा, कैरी, केळफूल, फार तर फणसाचा गरा. याहून कठीण काही त्या काठाला उभ्या जन्मात लागलेलंच नाही. टेकायचंच नसेल तर साठची कठिणता करायची काय? अडतीस असलं की उलट बरं, अंगणातल्या दगडावर दोनदा ओढलं की धार परत. त्या अनाम लोहाराने रंग पार निळ्याच्या पुढे जाऊ दिला असणार, जाणूनबुजून. घरात बाई आहे, दगड आहे, कानस नाही, हे त्याला माहीत असणार. की माझंच हे कौतुक, आणि खरं म्हणजे मधल्या कुणी ती चुलीत तापवून ठोकली आणि पाणी द्यायचं राहिलं? तेही शक्य आहे. यंत्र आकडा सांगतं, हेतू सांगत नाही.

घरी आल्यावर पातं परत बसवलं, पाटाला तेलाचा हात दिला आणि विळी ओट्याखाली ठेवली. आईने बघितलं. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"ही भोकं कसली?"

"भोकं नाहीत गं, खुणा आहेत. परीक्षा घेतली तिची."

"कितीची?"

रॉकवेलचं माप समजावत बसण्यापेक्षा मी म्हटलं, "शंभराची धर."

"मग? किती पडले?"

"काठाला अडतीस."

"म्हणजे काठावर पास," आई म्हणाली, पाटावर बसली, आणि टोपलीतली कैरी मागितली.